ऑटोपायलट कोणाचं ऐकतो?

ऑटोपायलट म्हणजे बोटीचं सुकाणू आपोआप सांभाळणारं यंत्र. ठरलेल्या रेषेवर बोट नेणारं त्याचं ‘ट्रॅक’चं बटण दाबलं आणि तो नुसताच पीं-पीं करत बसला, किंवा ठरलेली रेषा सोडून बोट भलतीकडेच निघाली, की पहिला निकाल ठरलेला: ‘जीपीएस गेलं!’ त्याच वेळी चार्टप्लॉटरच्या, म्हणजे सागरी नकाशा दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर बोटीचं चिन्ह बरोबर जागेवर असतं, आजूबाजूचे खडक आणि बोये जिथल्या तिथे दिसत असतात. म्हणजे जीपीएसला काहीही झालेलं नाही. तरी शिव्या खातं तेच.

मुळात ऑटोपायलटला बोट सरळ ठेवायला जीपीएस लागतच नाही. त्याच्याकडे स्वतःचं इलेक्ट्रॉनिक होकायंत्र असतं, एक छोटा संगणक असतो आणि सुकाणू फिरवणारी मोटर किंवा पंप असतो. नाक कुठल्या दिशेला आहे हे होकायंत्र सांगतं. जीपीएसला ते कळत नाही. त्याला कळते जागा, आणि जागा बदलली तरच दिशा. नांगरलेल्या बोटीत जीपीएसने दाखवलेली दिशा गरगरत राहते ती यामुळेच. हल्ली जाहिरातींत ऑटोपायलटला ‘स्मार्ट’, ‘एआय’ अशी विशेषणं चिकटवतात. बहुतेक बोटींवरचा ऑटोपायलट हा हुकमाचा गडी आहे. समोर आडवी आलेली होडीसुद्धा त्याला दिसत नाही.

म्हणून पहिली चाचणी सोपी. मोकळ्या पाण्यात चार्टप्लॉटरकडून येणारी तार काढून ठेवा आणि ऑटोपायलट नुसती दिशा धरणाऱ्या साध्या ‘ऑटो’वर टाका. पाच-दहा मिनिटं त्याने दिशा नीट धरली, तर होकायंत्र, मोटर, सुकाणू सगळं धडधाकट आहे. खोट तारेत किंवा तारेतून येणाऱ्या मजकुरात आहे. ‘ऑटो’वरही बोट नागमोडी चालली, तर चार्टप्लॉटरला विसरा आणि होकायंत्राकडे वळा.

होकायंत्र ज्यावर चालतं ते पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र अलिबागच्या परिसरात सुमारे ४० मायक्रोटेस्ला आहे. १० अँपिअर प्रवाह वाहणाऱ्या एकट्या तारेचं क्षेत्र १० सेंटिमीटरवर २० मायक्रोटेस्ला भरतं, म्हणजे पृथ्वीच्या निम्मं! मोठ्या बोटीवरचा सुकाणूचा पंप एवढा करंट सहज ओढतो. त्याची तार होकायंत्राला लागून गेली असेल, तर सुकाणू फिरलं की होकायंत्र हलतं आणि होकायंत्र हललं की पुन्हा सुकाणू फिरतं. जाणारी आणि परतीची तार एकमेकींना पीळ घालून नेली की दोघींची क्षेत्रं जवळजवळ खोडली जातात. विजेची ही धास्ती जुनीच आहे. मुंबईत विजेवरच्या ट्राम येणार म्हणून कुलाबा वेधशाळेतलं चुंबकीय मोजमाप १९०४ साली अलिबागला हलवलं आणि तिथल्या बांधकामात चुंबकीय सामान कटाक्षाने टाळलं. ट्राम धावल्या १९०७ साली.

आता तारेतला मजकूर. हा माझा आवडता भाग, त्यामुळे थोडं सविस्तर. बऱ्याच बोटींवर चार्टप्लॉटर आणि ऑटोपायलट अजूनही एनएमईए ०१८३ या मानकाप्रमाणे बोलतात. एक बोलतो, बाकीचे ऐकतात. वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होतं, त्यात जास्तीत जास्त ८२ अक्षरं असतात. वेग सेकंदाला ४८०० बिट. एका अक्षराला सुरुवातीचा आणि शेवटचा धरून १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ४८० अक्षरं. पूर्ण लांबीची वाक्यं जेमतेम पाच. प्लॉटरच्या सेटिंगमध्ये हौसेने डझनभर वाक्यं चालू करून ठेवली की सुकाणूचा हुकूम रांगेत अडकतो. आजूबाजूच्या जहाजांची ओळख आणि जागा सांगणाऱ्या एआयएस यंत्रणेसाठी हाच वेग ३८४०० असतो. पोर्ट चुकून त्यावर राहिला, तर ऑटोपायलटला एक अक्षर उमगत नाही.

सुकाणूचं मुख्य वाक्य ‘एपीबी’. त्याची सुरुवातीची दोन अक्षरं माहिती ग्राह्य आहे की नाही ते सांगतात. ती लोरान-सी या जमिनीवरच्या रेडिओ यंत्रणेच्या काळातली आहेत. अमेरिकेने ती यंत्रणा २०१० साली बंद केली, अक्षरं मात्र राहिली. पुढे बोट रेषेपासून किती सागरी मैल सरकली तो आकडा, मग डावीकडे वळायचं तर ‘एल’, उजवीकडे तर ‘आर’, मग पुढच्या ठिकाणाची दिशा, आणि ती खऱ्या उत्तरेपासून मोजली की चुंबकीय उत्तरेपासून, ते सांगणारं अक्षर. मुंबईत या दोन उत्तर दिशांतला फरक एका अंशाहूनही कमी, त्यामुळे इथे ते अक्षर चुकलं तरी पचून जातं. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर तोच फरक १४ अंशांच्या घरात जातो.

समजा, तारेतल्या खरखरीमुळे ‘एल’चा ‘आर’ झाला. बोट उलटी वळायची! ते टाळायला वाक्याच्या शेवटी, तारांकनापुढे, दोन चिन्हांची एक खूण असते. वाक्यातलं प्रत्येक अक्षर शून्य-एकमध्ये लिहून एकाखाली एक मांडायचं. प्रत्येक उभ्या रकान्यात एक सम वेळा आला तर खाली ०, विषम वेळा आला तर १. खाली तयार झालेली ओळ दोन चिन्हांत आटोपशीर लिहिली की झाली खूण. ‘एल’ म्हणजे १००११००, ‘आर’ म्हणजे १०१००१०. दोघांत चार रकाने वेगळे, म्हणून त्या चारही रकान्यांचं उत्तर पालटतं, खूण जुळत नाही आणि ऑटोपायलट ते वाक्य फेकून देतो. या युक्तीत भोकही आहे. दोन अक्षरांची अदलाबदल झाली तर खूण तीच राहते, कारण रकान्यांना क्रम कळत नाही.

प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा यापेक्षा बाळबोध असतात. प्लॉटरवर ‘गो टू’ दाबलेलंच नसतं, मग जायचं कुठे हे न ठरता हुकूम कसला येणार? ‘आउट’ची तार ‘इन’ऐवजी ‘आउट’लाच जोडलेली असते, किंवा प्लस-मायनस उलटे. मल्टिमीटर लावा: आकडा थरथरत असेल तर कोणीतरी बोलतंय. खाऱ्या हवेने जोडावर चढलेला हिरवा कळंक नखाने खरवडून बघा. नव्या एनएमईए २००० जाळ्यात दोन टोकांना १२० ओहमचे दोन रोध असतात. वीज बंद करून दोन डेटा तारांमध्ये मोजलं तर ६० ओहम भरायला हवेत. १२० आले तर एक टोक निखळलंय.

पण वाक्याच्या शेवटची ती खूण एवढंच सांगते की बोललेलं जसंच्या तसं पोचलं. बोललेलं खरं आहे की नाही, हे ती सांगत नाही. ९ जून १९९५ला ‘रॉयल मॅजेस्टी’ हे प्रवासी जहाज बर्म्युडाहून बॉस्टनला निघालं. तासाभरातच जीपीएसच्या अँटेनाची केबल निसटली. यंत्र गप्प बसलं नाही. दिशा आणि वेग यांवरून हिशेब करून जागा सांगत राहिलं. वारा आणि प्रवाह त्या हिशेबात नव्हतेच. ऑटोपायलट ती जागा स्वतःच्या हिशेबाशी ताडून बघत होता, पण त्याचाही हिशेब त्याच दिशेवर आणि त्याच वेगावर बेतलेला! दोघांचं तंतोतंत जुळलं, ऑटोपायलटचा गजर झाला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात दोन-तीन बारीक अक्षरं बदलली होती. पाणी उथळ झालं की वाजणारा खोलीचा गजर शून्य मीटरवर लावलेला होता. सुमारे ३४ तासांनी, १० जूनच्या रात्री, दीड हजारांवर माणसं घेऊन जहाज अमेरिकेच्या नॅनटकेट बेटाजवळच्या वाळूत रुतलं, जहाजावरचे समजत होते त्या जागेपासून सुमारे १७ मैलांवर. कोणाला इजा झाली नाही. बर्म्युडा म्हटलं की त्रिकोणाच्या भक्तांना स्फुरण चढतं, म्हणून सांगून ठेवतो: जहाज त्या त्रिकोणाच्या उलट, उत्तरेला चाललं होतं आणि दोष केबलचा होता.

नंतरच्या मानकात प्रमुख वाक्यांच्या शेवटी आणखी एक अक्षर आलं. उपग्रहांवरून काढलेल्या जागेला ‘ए’, अंदाजाने काढलेल्या जागेला ‘ई’. जुना ऑटोपायलट ते अक्षर वाचेलच असं नाही. तुमचा वाचतो का, हे बघायला बोट धक्क्याला बांधा, इंजिन बंद ठेवा, सुकाणूच्या यंत्रणेत कोणाचा हात नाही याची खात्री करा, ‘ट्रॅक’ चालू करा आणि जीपीएसची अँटेना काढा. गजर किती वेळाने होतो ते मोजा. झालाच नाही, तर त्या बोटीवर ‘ट्रॅक’ वापरताना खोलीचा गजर नीट लावा आणि जागा दुसऱ्या साधनाशी दर तासाला ताडून बघा.