ॲरे (जावा)

एकाच प्रकारची मूल्ये क्रमाने साठवणारी, ठरावीक लांबीची रचना. सी भाषेत ॲरे म्हणजे मेमरीचा सलग तुकडा. तो कुठे संपतो हे लक्षात ठेवणे प्रोग्रामरकडे. सन मायक्रोसिस्टिम्सने १९९५ मध्ये जाहीर केलेल्या जावा या प्रोग्रामिंग भाषेने चौकटी कंसांची तीच मांडणी ठेवली, पण ॲरेला ऑब्जेक्ट (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधणारा घटक) केले. तो हीपवर (ऑब्जेक्ट ठेवण्याच्या मेमरीत) तयार होतो, व्हेरिएबलमध्ये त्याचा फक्त रेफरन्स, म्हणजे तो कुठे आहे याचा निर्देश, असतो. मात्र त्याचा क्लास (ऑब्जेक्टचा आराखडा) कोणी लिहीत नाही आणि त्यापासून नवा क्लासही काढता येत नाही.

'इंट[] गुण = न्यू इंट[५];' असे लिहिले की पाच पूर्णांकांसाठी ('इंट') जागा मिळतात आणि प्रत्येकीत शून्य असते. इंडेक्स (जागेचा क्रमांक) ० ते ४. 'गुण[५]' मागितल्यास सीप्रमाणे शेजारची मेमरी वाचली जात नाही; 'ॲरेइंडेक्सआउटऑफबाउंड्सएक्सेप्शन' ही चूक दाखवली जाते. लांबी 'गुण.लेंग्थ'मध्ये असते, कंसांशिवाय. स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) 'लेंग्थ()'ला मात्र कंस लागतात. नवशिके इथे हमखास अडखळतात, आणि दोष त्यांचा नाही.

'इंट[] प्रत = गुण;' याने प्रत होत नाही, एकाच ॲरेला दुसरे नाव मिळते. प्रतीसाठी 'क्लोन()' वापरतात. 'न्यू विद्यार्थी[६०]' लिहिल्याने एकही विद्यार्थी तयार होत नाही, साठ 'नल' (कशाकडेही न बोट दाखवणारे रेफरन्स) मिळतात. तुलनेतही '==' फक्त रेफरन्स पाहते; आतली मूल्ये ताडायला 'ॲरेज.इक्वल्स' लागते. द्विमितीय ॲरे म्हणजे ॲरेंचा ॲरे, त्यामुळे त्याच्या ओळी कमीजास्त लांबीच्या असू शकतात.

सर्वांत वादग्रस्त भाग वारसाहक्काचा. 'ऑब्जेक्ट' हा जावातल्या सर्व क्लासांचा मूळ क्लास, त्यामुळे स्ट्रिंगचा ॲरे हा ऑब्जेक्टच्या ॲरेचा उपप्रकार मानला जातो. म्हणून 'ऑब्जेक्ट[] यादी = न्यू स्ट्रिंग[३];' चालते, आणि पुढची 'यादी[०] = ७;' ही ओळही कंपायलर (प्रोग्राम चालण्याआधी तपासून भाषांतर करणारा) निमूट स्वीकारतो. चूक उघड होते ती प्रोग्राम चालताना, 'ॲरेस्टोअरएक्सेप्शन'च्या रूपात. सुरुवातीच्या जावात जेनेरिक्स (प्रकार नंतर ठरवता येणारे क्लास आणि मेथड) नव्हते. कोणत्याही ऑब्जेक्टच्या ॲरेवर चालणारी एकच मेथड लिहिता यावी म्हणून ही मुभा दिली गेली. २००४ च्या जावा ५ मध्ये जेनेरिक्स आले ते नेमके उलट नियमाने: स्ट्रिंगची लिस्ट ही ऑब्जेक्टची लिस्ट नव्हे, आणि तशी गल्लत कंपायलरच अडवतो. दोन्ही नियमांचे जमत नसल्याने 'न्यू टी[१०]' ('टी' म्हणजे जेनेरिक्समधला नंतर ठरणारा प्रकार) लिहायला आजही मनाई आहे.

ॲरेची लांबी एकदा ठरली की बदलत नाही. वाढती यादी हवी तर 'ॲरेलिस्ट' घेतात. तिच्या पोटातही ॲरेच असतो. तो भरला की साधारण दीडपट मोठा नवा ॲरे करून जुन्यातले सारे त्यात हलवले जाते. मात्र 'ॲरेलिस्ट'मध्ये साधा 'इंट' ठेवता येत नाही, त्याला 'इंटिजर' ऑब्जेक्टमध्ये गुंडाळावे लागते. दहा लाख 'इंट' साध्या ॲरेत सुमारे ४० लाख बाइटांत मावतात. गुंडाळल्यावर जागा कितीतरी जास्त लागते. म्हणूनच प्रतिमा, ध्वनी आणि मोठ्या आकडेमोडीच्या कामात साधा ॲरेच वापरला जातो.