भाऊंचा राजीनामा आणि जनमत कौल : पार्श्वभूमी

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर ऊर्फ भाऊ म्हटले की कूळ कायदा आणि गावोगावच्या मराठी शाळा आठवतात. १९११ मध्ये पेडण्यात जन्म, पोर्तुगीज अमदानीत खाणधंद्यात जम आणि दानशूर म्हणून नाव, एवढी पूर्वपीठिका पुरे. डिसेंबर १९६३ च्या पहिल्या विधानसभा निवडणुकीत सिंह चिन्हाचा त्यांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सर्वांत मोठा ठरला. भाऊ स्वतः उभेच नव्हते. शपथ आधी झाली, मडकईच्या पोटनिवडणुकीतून आमदारकी नंतर.

खरा वाद आहे तो डिसेंबर १९६६ मधल्या भाऊंच्या राजीनाम्याचा. निवडणूक गोव्याच्या महाराष्ट्रात विलीनीकरणाच्या मुद्द्यावर जिंकली, १९६५ मध्ये विधानसभेने गोवा महाराष्ट्रात सामील करण्याचा ठरावही केला. पण केंद्रशासित प्रदेशाच्या विधानसभेचा ठराव म्हणजे शेवटी विनंतीच. सीमा बदलण्याचा अधिकार संसदेचा. केंद्राने ठराव बाजूला ठेवून थेट लोकांना विचारायचे ठरवले. विरोधकांनी अट घातली की सरकारी यंत्रणा विलीनीकरणवाद्यांच्या हाती असताना कौल घेता येणार नाही. भाऊंनी राजीनामा दिला, राष्ट्रपती राजवट आली.

हा राजीनामा द्यायला नको होता, असे विलीनीकरणाचे जुने कार्यकर्ते सांगत. निवडून आलेले सरकार असताना पुन्हा कौल कशाला, हा त्यांचा सवाल होता आणि तो अगदीच पोकळ नव्हता. पण खुर्चीवर बसून कौल जिंकला असता तर त्या निकालावर कायमचा संशय राहिला असता. खाणमालकाच्या मागे आधीच पैशाचे बोट दाखवले जात असताना तर अधिकच.

१६ जानेवारी १९६७ ला मतदान झाले. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे केंद्रशासित प्रदेश. फुलाला १,३८,१७० मते, पानांना १,७२,१९१. फरक ३४,०२१ मतांचा. विलीनीकरण संपले. भाऊ मात्र संपले नाहीत. मार्चमधल्या निवडणुकीत पक्षाने १६ जागा घेतल्या आणि ते पुन्हा मुख्यमंत्री झाले. म्हणजे विलीनीकरण हरले तरी भाऊंचा पाठिंबा टिकून राहिला. बहुजन समाजाला भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात उभे राहावे लागू नये, ही अपेक्षा मुंबईहूनच नव्हे, पणजीहूनही पुरी होऊ शकत होती.

१९७० मध्ये पक्षात बंड झाले, सरकार कसेबसे तरले. १९७२ मध्ये तिसऱ्यांदा जिंकून पुढच्याच वर्षी, १२ ऑगस्ट १९७३ ला, ते गेले. मुख्यमंत्रिपद कन्या शशिकला काकोडकर यांच्याकडे आले. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, संरक्षण देणारा १९७५ चा कायदा आणि कुळांना जमिनीचे मालक करणारी १९७६ ची दुरुस्ती शशिकलाताईंच्या कारकिर्दीतली. श्रेय मात्र आजही सरसकट भाऊंच्या खात्यात पडते. फेब्रुवारी १९८७ मध्ये कोंकणी राजभाषा झाली, ३० मे रोजी गोवा राज्य झाले, आणि त्याच महिन्यात संसदेने पोर्तुगीजकालीन खाण सवलतींचे भाडेपट्ट्यांत रूपांतर केले, तेही २० डिसेंबर १९६१ पासून, म्हणजे गोवामुक्तीच्या दुसऱ्या दिवसापासून.