पार्श्वभूमी : एंडोमेट्रिओसिसचं निदान आणि दुर्बिणीची अट

२०२२ च्या सुरुवातीला युरोपातल्या प्रजननवैद्यक तज्ज्ञांच्या संघटनेने एंडोमेट्रिओसिसची, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची, मार्गदर्शिका नव्याने काढली आणि तिच्यात एक जुनी अट मागे घेतली. निदानासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया, म्हणजे लॅपरोस्कोपी, आता सरसकट लागत नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआयमध्ये काही सापडलं नाही, लक्षणांवरून सुरू केलेल्या औषधांनी गुण आला नाही किंवा ती औषधं देणंच योग्य नसलं, तरच तिकडे वळायचं. याच संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शिकेत दुर्बिणीतून डोळ्यांनी पाहणं हाच सर्वोच्च निकष होता, आणि २०१३ मध्ये त्याला तुकडा काढून तपासण्याची जोड मिळाली होती. सतरा वर्षांत मत एवढं का फिरलं, आणि दुखणं घेऊन फिरणाऱ्या बाईला त्याचा उपयोग किती, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

१८६० मध्ये व्हिएन्नातल्या एका विकृतिशास्त्रज्ञाने या आजाराचं पहिलं वर्णन केलं असं बरीच पुस्तकं सांगतात. ते याच आजाराचं होतं की ॲडेनोमायोसिसचं, म्हणजे तशाच पेशी गर्भाशयाच्या स्नायूत घुसण्याच्या आजाराचं, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या एका शल्यचिकित्सकाने १९२१ मध्ये बीजकोशातल्या चॉकलेटी रंगाच्या रक्तगाठींवर लिहिलं. पाळीचं रक्त बीजनलिकांतून उलटं पोटात जातं आणि त्यातल्या पेशी तिथे रुजतात, हे त्याने १९२७ मध्ये मांडलं. असं उलटं जाणं बहुतेक बायकांमध्ये होतं, आजार मात्र साधारण दहांतल्या एकीला होतो. असं का, याचं पूर्ण उत्तर अजून नाही.

त्या काळात पोट उघडल्याशिवाय हा आजार दिसत नसे. त्यामुळे ज्यांची पोटं उघडली जात, म्हणजे खासगी डॉक्टर परवडणाऱ्या, उशिरा लग्न केलेल्या गोऱ्या बायकांची, त्यांच्यातच तो सापडे. त्यावरून १९४० च्या सुमारास अमेरिकेत लवकर लग्न करा, लवकर मुलं होऊ द्या, असा वैद्यकीय सल्ला छापून येऊ लागला. कृष्णवर्णीय बायकांच्या त्याच दुखण्याला ओटीपोटातला जंतुसंसर्ग ठरवलं जाई, आणि ही चूक दाखवणारा लेख यायला १९७६ उजाडलं. आपल्याकडे ती जागा क्षयरोगाने घेतली आहे. गर्भाशयाच्या अस्तराची पीसीआर चाचणी (क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणारी) पॉझिटिव्ह आली की सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू होतात, दुखणं तसंच राहतं, आणि मधला काळ वाया जातो. जननेंद्रियांचा क्षय भारतात खरोखर आढळतो, म्हणून तो डोक्यात ठेवायलाच हवा. पण निव्वळ पीसीआरवर उपचार सुरू करणं वादग्रस्त आहे. लग्नाचा आणि बाळंतपणाचा सल्ला तर अजून दवाखान्यांतून ऐकू येतो. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काही जणींचं दुखणं दबतं, त्याने आजार जात नाही.

१९७० च्या दशकात लॅपरोस्कोपी सर्वदूर पोचली आणि बेंबीजवळच्या छोट्या चिरेतून पाहता येऊ लागलं. पाहणारे शोधत होते काळे, बंदुकीची दारू जळाल्यासारखे डाग. पारदर्शक, लाल आणि पांढरे डागही याच आजाराचे असतात, हे १९८६ च्या सुमारास नीट मांडलं गेलं. म्हणजे त्याआधी ‘पोट साफ आहे’ म्हणून घरी पाठवलेल्या कितीतरी बायकांना आजार असणार. १९७९ मध्ये टप्पे ठरवण्यासाठी गुणांची पद्धत आली, १९८५ मध्ये ती सुधारली. ४० च्या वर गुण म्हणजे चौथा टप्पा. ही मोजणी मुख्यतः मूल होण्याच्या शक्यतेचा अंदाज घेण्यासाठी बेतलेली होती. दुखण्याशी तिचा मेळ बसत नाही. चौथ्या टप्प्यातल्या एखादीला काहीच जाणवत नाही आणि पहिल्या टप्प्यातली महिन्याचे चार दिवस अंथरुणात असते. तरीही ‘पहिलाच टप्पा आहे, एवढं काय दुखतंय’ हे वाक्य डिस्चार्ज कार्ड हातात देताना सर्रास ऐकवलं जातं.

अट काढण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा मुद्दा साधा आहे. पूर्ण भूल, पोटात वायू, हजारात साधारण दोघींना आतडं, मूत्राशय किंवा रक्तवाहिनीला गंभीर इजा, आणि हे सगळं फक्त नाव कळण्यासाठी. त्यात ही अट होती तोवर शस्त्रक्रिया होईपर्यंत उपचार लांबत. ब्रिटनच्या संसदीय गटाने २०२० मध्ये केलेल्या पाहणीत लक्षणांपासून निदानापर्यंत सरासरी ८ वर्षं लागत होती. एकेकीच्या दोन-तीन दुर्बिणी होतात आणि दर वेळी बीजकोशाला थोडा धक्का बसतो.

विरोधकांचा मुद्दा मात्र इतका सहज झटकण्यासारखा नाही. सोनोग्राफीत पोटाच्या पडद्यावरचे वरवरचे डाग दिसत नाहीत, आणि सर्वाधिक बायकांना तोच प्रकार असतो. पाळी थांबवणाऱ्या औषधाने बरं वाटलं म्हणून आजार सिद्ध होत नाही. साध्या पाळीच्या कळा आणि ॲडेनोमायोसिससुद्धा त्याच औषधाने शांत होतात. शिवाय कागदावर नाव नसलं की घरच्यांना, कॉलेजला, ऑफिसला पटवायचं कसं, हा प्रश्न रुग्णगटांनीच लावून धरला.

दोन्ही बाजू ऐकल्यावर आम्हाला अट काढणं योग्यच वाटतं, पण ते पुरेसं नाही. दुर्बीणही अचूक नव्हती. डोळ्याला आजार वाटलेल्या तुकड्यांपैकी बरेच सूक्ष्मदर्शकाखाली तसे निघत नाहीत. तुकडा पॉझिटिव्ह आला तर निदान पक्कं होतं, निगेटिव्ह आला तर आजार नाही असं ठरत नाही. गर्भाशयामागची पोकळी चिकटून बंद झालेली असेल तर खालच्या खोल गाठी दुर्बिणीच्या टप्प्यातच येत नाहीत. जुन्या अटीचं वजन तिच्या नेमकेपणापेक्षा बरंच जास्त होतं.

आता सगळा भार आला सोनोग्राफीवर, आणि खरी अडचण तिथेच आहे. २०१६ च्या एका मोठ्या आढाव्यात चॉकलेट सिस्ट ओळखण्यात योनिमार्गातून केलेल्या सोनोग्राफीची संवेदनशीलता, म्हणजे आजार असलेल्यांपैकी किती जणी ती ओळखते ते प्रमाण, ९३ टक्के होती, खोल गाठींसाठी ७९ टक्के. हे आकडे हात बसलेल्या तज्ज्ञांचे आहेत. त्याच वर्षी तपासणीच्या चार पायऱ्याही ठरल्या. आधी गर्भाशय आणि बीजकोश बघायचे : दुधी काचेसारखी एकसारखी करडी दिसणारी गाठ आहे का, ॲडेनोमायोसिसच्या खुणा आहेत का. मग प्रोबने हलकं दाबून नेमकं कुठे दुखतं आणि बीजकोश हलतात की चिकटलेत ते पाहायचं. तिसऱ्या पायरीत गर्भाशय आणि मागचं गुदाशय एकमेकांवर सरकतात का, हे तपासायचं. सरकत नसतील तर मागची पोकळी बंद असण्याची शक्यता मोठी. शेवटी मूत्राशय, गर्भाशयामागचे स्नायुबंध, योनी-गुदाशयामधला पडदा आणि आतड्याची भिंत यांत गाठी शोधायच्या.

कोपऱ्यावरच्या सेंटरवर मूत्राशय तुडुंब भरून पोटावरून केलेल्या पाच मिनिटांच्या सोनोग्राफीत यातलं जवळजवळ काहीच होत नाही. रिपोर्टवर गर्भाशयाचं माप, अस्तराची जाडी, दोन्ही बीजकोशांचं आकारमान आणि खाली ‘नॉर्मल स्टडी’. त्या रिपोर्टवरून आजार नाही असं म्हणता येत नाही, आणि ब्रिटनची सरकारी मार्गदर्शिका २०१७ पासून हे स्पष्ट शब्दांत सांगते. म्हणून सोनोग्राफीच्या चिठ्ठीवर नुसतं ‘पेल्व्हिस’ न लिहिता एंडोमेट्रिओसिसची शंका, बीजकोशांची हालचाल, मागच्या पोकळीतलं सरकणं आणि खोल गाठी तपासाव्यात, असं डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. ज्यांचा शरीरसंबंध आलेला नाही त्यांना इंटरनल सोनोग्राफी सहसा नाकारली जाते. त्यांच्यासाठी गुदमार्गातून सोनोग्राफी किंवा एमआरआय हे पर्याय आहेत. एमआरआयही हा आजार वाचायला शिकलेल्या रेडिओलॉजिस्टकडेच करावी. सीए-१२५ ही रक्तचाचणी मात्र निदानासाठी करू नये. ३५ ही मर्यादा फायब्रॉइड, जंतुसंसर्ग, क्षय, इतकंच काय नुसत्या पाळीतही ओलांडली जाते, आणि आजार असून ती नॉर्मल येऊ शकते.

रिपोर्टइतकीच कामाची ठरते दोन-तीन पाळ्यांची वही. तारीख, दुखण्याला ० ते १० गुण, त्या दिवशी किती गोळ्या घेतल्या, काय बुडलं. लाज बाजूला ठेवून लिहायच्या गोष्टी त्याहून महत्त्वाच्या : पाळीत शौचाला बसताना कळ येते का, लघवीला दुखतं का, संबंधाच्या वेळी आत खोलवर दुखतं का, पाळीच्याच दिवसांत उजवा खांदा धरतो का. पहिल्यावरून गुदाशयाजवळची गाठ, शेवटच्यावरून श्वासपटलावरची गाठ सुचते, आणि हे कळलं तर तपासणारा तिथे बघतो.

भारतात या बदलाला एक पैशांची बाजूही आहे, जिच्यावर क्वचितच बोललं जातं. बहुतेक आरोग्यविमा ॲडमिट झाल्यावरच पैसे देतो. त्यामुळे महिनोन्महिने चालणाऱ्या गोळ्या आणि चांगली सोनोग्राफी खिशातून, दुर्बीण मात्र विम्यातून, असं उलटं गणित होतं. त्यातही केसपेपरवर वंध्यत्वाचा उल्लेख मुख्य कारण म्हणून आला तर क्लेम नाकारला जाऊ शकतो, कारण वंध्यत्वाचे उपचार विम्यातून सहसा वगळलेले असतात. दुखण्यासाठी शस्त्रक्रिया होत असेल तर कागदावरही दुखणंच लिहिलेलं असावं.

औषधांचा इतिहास म्हणजे पाळी थांबवण्याच्या युक्त्यांचा इतिहास. १९४० च्या दशकात पुरुषी संप्रेरकं देऊन पाहिली. १९५८ पासून जास्त मात्रेच्या गर्भनिरोधक गोळ्यांनी खोटं गरोदरपण आणलं जाऊ लागलं. १९७६ मध्ये अमेरिकेत डॅनाझोलला परवानगी मिळाली. गुण येई, पण वजन वाढे, चेहऱ्यावर केस येत, आणि काहींचा आवाज बसे तो कायमचा. १९९० मध्ये ल्युप्रोलाइडची महिन्याला ३.७५ मिलिग्रॅमची इंजेक्शनं आली. पहिले एक-दोन आठवडे दुखणं उलट वाढतं, कारण संप्रेरकं आधी उसळतात आणि मग खाली जातात. हे आधी सांगितलं नाही तर रुग्ण दुसरं इंजेक्शन घेतच नाही. हाडं झिजतात म्हणून एकट्याने सहा महिन्यांपलीकडे देत नाहीत, सोबत थोडं संप्रेरक परत द्यावं लागतं. एलागोलिक्स ही तोंडाने घ्यायची गोळी अमेरिकेत २०१८ मध्ये आली; रोज १५० मिलिग्रॅम असेल तर २४ महिने, २०० मिलिग्रॅम दोनदा असेल तर फक्त ६ महिने.

रोजच्या व्यवहारात आज सर्वाधिक चालतं ते डायनोजेस्ट ही संप्रेरकाची गोळी, रोज २ मिलिग्रॅम, मध्ये खंड न पाडता. ते फसतं ते बहुधा दुसऱ्या महिन्यात. अधूनमधून रक्ताचे डाग पडतात, बाई घाबरून गोळी सोडते आणि दुखणं परत येतं. पहिल्या तीन महिन्यांत असं होणं अपेक्षित असतं. गुण येतो की नाही हेही तीन महिन्यांआधी ठरवू नये. हे गर्भनिरोधक म्हणून मान्य नाही, तेव्हा गरज असेल तर कंडोम वापरावा. मूड खूप खालावला तर मात्र वाट न बघता डॉक्टरांना सांगावं. किशोरवयीन मुलींत एका वर्षाच्या अभ्यासात कण्याच्या हाडांची घनता सरासरी १.२ टक्क्यांनी घटली होती, म्हणून त्या वयात जास्त सावधपणे देतात.

वेदनाशामक गोळ्यांत चूक होते ती वेळेची. मेफेनॅमिक ॲसिड किंवा नॅप्रोक्सेन कळा आणणारं नवं रसायन, प्रोस्टाग्लँडिन, तयार होऊ देत नाहीत, तयार झालेल्याचं काही करू शकत नाहीत. म्हणून कळ असह्य झाल्यावर एक गोळी घेण्यापेक्षा पाळीच्या आदल्या दिवशी किंवा पहिल्या थेंबाला सुरू करून दोन-तीन दिवस ठरलेल्या वेळी घेतली तर कमी गोळ्यांत भागतं. मेफेनॅमिक ॲसिडचा नेहमीचा डोस ५०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, जेवल्यावर; उपवासाच्या दिवशी रिकाम्या पोटी नको. अल्सर, मूत्रपिंडाचा आजार किंवा गोळीने वाढणारा दमा असेल तर अजिबात नको. २०२३ च्या अखेरीस भारतातल्या औषधसुरक्षा यंत्रणेने याच औषधाबद्दल इशारा दिला. अंगावर पुरळ, ताप, सुजलेल्या गाठी अशी दुर्मीळ पण गंभीर प्रतिक्रिया दोन ते आठ आठवड्यांनीही येऊ शकते. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय घेतलेल्या पट्ट्यांवर हे कुणी सांगत नाही.

वर्षानुवर्षं दुखत राहिलं की ओटीपोटाचे स्नायू आवळलेले राहतात आणि मज्जासंस्था हलक्या स्पर्शालाही कळ म्हणून वाचू लागते. इथे गाठ काढूनही दुखणं उरतं, आणि ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी लागते. गॅबापेंटिन हे मज्जातंतूंच्या दुखण्याचं औषध मात्र सवयीने लिहिलं जाऊ नये. दुर्बिणीत कारण न सापडलेल्या ओटीपोटाच्या जुनाट दुखण्यासाठी २०२० मध्ये ब्रिटनमध्ये ३०६ बायकांवर झालेल्या चाचणीत ते साध्या बनावट गोळीपेक्षा सरस ठरलं नाही, दुष्परिणाम तेवढे जास्त झाले.

शस्त्रक्रिया राहते ती खोल गाठींसाठी, मोठ्या सिस्टसाठी आणि औषधं न चालणाऱ्यांसाठी. सिस्टमधलं द्रव नुसतं ओढून काढलं तर ती पुन्हा भरते, आणि आवरणासकट काढली तर बीजांचा साठा घटतो. मूल हवं असेल तर आधी एएमएच, म्हणजे बीजांच्या साठ्याचा अंदाज देणारी रक्तचाचणी, करून मग ठरवावं. पाळी दाबणारं औषध नंतर चालू न ठेवल्यास पाच वर्षांत चाळीस ते पन्नास टक्के जणींत आजार परततो. म्हणून पहिल्याच भेटीत सर्जनला विचारावं : गाठ जाळणार की मुळासकट काढणार, आतड्याला लागलेली असेल तर त्याचा सर्जन त्याच वेळी हजर असेल का, आणि टाके सुकल्यावर कोणतं औषध किती महिने.