ब्रेसेस लावलेले असताना ट्रम्पेटचे वरचे सूर

दातांना तारा लावल्यावर, म्हणजे बरेच जण ज्याला नुसतं क्लिपा म्हणतात त्या लावल्यावर, ट्रम्पेटचे वरचे सूर जातात ही वाजवणाऱ्यांची नेहमीची तक्रार. क्लिपा बहुतेक वेळा शाळेच्या वयात लागतात आणि नेमकं त्याच वयात पोरं वरच्या सप्तकाकडे जायला लागलेली असतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकमेकांवर आदळतात. काल सहज लागणारा जी हा सूर आज लागतच नाही, लागला तर फाटतो, आणि वर ओठाच्या आतून सोललं गेलेलं असतं ते वेगळंच.

आधी वरचा सूर लागतो कसा ते बघू. ट्रम्पेटवर एकही व्हॉल्व्ह, म्हणजे बोटांनी दाबायची कळ, न दाबता मिडल सी, त्यावरचा जी, मग सी, ई, जी आणि पार वर हाय सी असे सूर काढता येतात, आणि यातला कुठला लागणार हे ओठ आणि फुंक मिळून ठरवतात. जसजसं वर जावं तसे हे सूर एकमेकांच्या जवळ येत जातात, म्हणून वर थोडंसं चुकलं तरी शेजारचा सूर लागतो. नेहमीच्या बी फ्लॅट ट्रम्पेटवर हाय सी वाजवताना ओठ सेकंदाला साधारण ९३२ वेळा उघडझाप करत असतात, आणि त्यासाठी लागतं काय तर ओठांमधली फट बारीक, ओठांचे कोपरे घट्ट, हवा वेगात आणि जिभेचा मधला भाग वर उचललेला. खालच्या सुराला तोंडात ‘आ’ म्हटल्यासारखं, वरच्याला ‘ई’ म्हटल्यासारखं.

पण हे सगळं जमवण्याऐवजी एक शॉर्टकट जवळजवळ प्रत्येक जण मारतो, तो म्हणजे माऊथपीस, ट्रम्पेटचा ओठांना लावायचा भाग, तोंडावर दाबायचं. दाबलं की ओठ दात आणि रिम, म्हणजे माऊथपीसची कड, यांच्यामधे चिमटला जातो, फट बारीक होते आणि सूर लागतो सुद्धा, फक्त ओठात रक्त नीट फिरत नाही आणि थोड्याच वेळात ओठ मरगळतो. क्लिपा नसताना ही सवय खपून जाते कारण मागे दात गुळगुळीत असतात. क्लिपा आल्या की तोच ओठ ब्रॅकेटच्या, म्हणजे दाताला चिकटवलेल्या छोट्या तुकड्याच्या, कोपऱ्यांवर दाबला जातो, शिवाय ब्रॅकेटच्या जाडीने तो पुढे ढकलला गेलेला असतो म्हणून ओळखीची जागा सापडत नाही. बऱ्याच जणांचे वरचे सूर क्लिपांमुळे गेले असं वाटतं खरं, पण गेलेलं असतं ते दाबायचं कौशल्य, कारण आता दुखतं. त्यामुळे क्लिपांच्या काळात वरची रेंज वाढवणं म्हणजे जवळजवळ पूर्णपणे दाब कमी करायला शिकणं, बाकीच्या सगळ्या युक्त्या त्याच्यानंतर.

दाब किती आहे ते बघायचं असेल तर उजव्या हाताची करंगळी ट्रम्पेटवर तिच्यासाठी असलेल्या हुकमधून बाहेर काढा, कारण जोर लागला की आपण नकळत त्याच हुकने ट्रम्पेट तोंडाकडे ओढतो. करंगळी हुकच्या वर नुसती टेकवून वाजवलं आणि वरचे सूर गायब झाले तर ते सूर करंगळीचे होते असं समजायचं. डाव्या हाताची पकडही सैल हवी, बोटांचे सांधे पांढरे पडत असतील तर तिथेही तेच चाललंय.

सराव हळू आवाजात करायचा, आणि हे ऐकायला सोपं वाटत असलं तरी जाम अवघड आहे, कारण मोठ्याने वाजवताना जोराच्या जोरावर सूर निघून जातो आणि हळू वाजवताना ओठ खरंच जुळलेले नसतील तर नुसती हवा फुसफुसते. मधल्या जी पासून सुरू करून अर्ध्या अर्ध्या स्वराने वर जायचं, जीभ न मारता, सलग एका फुंकेत, आणि जिथे आवाज बारीक चिरका व्हायला लागेल तिथे थांबून खाली यायचं, अजून एक काढूच म्हणून रेटायचं नाही. लिप स्लर, म्हणजे व्हॉल्व्ह न बदलता एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं, हा तर या काळातला सगळ्यात कामाचा व्यायाम, कारण त्यात दाबून भागत नाही, जीभ आणि हवाच हलवावी लागते. एकदम तासभर बसण्यापेक्षा दिवसातून दोन-तीनदा १०-१५ मिनिटं वाजवावं आणि मधेमधे जितका वेळ वाजवलं तितका वेळ ट्रम्पेट खाली ठेवावं. रोज हाय सी चा प्रयत्न करून बघणारे असतात, त्यांचं त्याने काही भलं होत नाही.

ओठ वाचवायला मेण असतं, ऑर्थोडॉन्टिस्टकडे मिळतं. ब्रॅकेट आधी टिशूने कोरडं करून घ्यायचं कारण ओल्यावर मेण चिकटत नाही, मग छोटी गोळी मळून पातळ दाबून बसवायची, जाड थर लावला तर ओठ अजून पुढे जातो आणि सूर अजूनच हरवतो. अख्ख्या रांगेवर बसणाऱ्या सिलिकॉनच्या पट्ट्याही मिळतात, आरामदायक असतात पण जाडी वाढते ती वाढतेच. तोंड आलं असेल तर कोमट मिठाच्या पाण्याने गुळण्या आणि एखाद-दोन दिवस सुट्टी. तारेचं टोक बाहेर येऊन टोचत असेल तर सहन करत वाजवत बसू नये, डॉक्टरकडून कापून घ्यावं. तार बदलली किंवा घट्ट केली की पुढचे दोन-चार दिवस दात दुखतात, त्यामुळे कार्यक्रम असेल तर अपॉइंटमेंट त्याच्या आदल्या दिवशी घेऊ नका एवढं तरी बघा.

माऊथपीस बदलून रेंज वाढेल अशी आशा फार असते. ७सी आणि ३सी या माऊथपीसच्या नेहमीच्या मापांच्या आतल्या व्यासात मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाइतकाच फरक असतो, त्याने चमत्कार होत नाही. रुंद आणि गोलसर रिमने टोचणं कमी होतं हे खरं. उथळ कपाचं, म्हणजे माऊथपीसच्या आतल्या खोलगट भागाचं, मात्र जपून, कारण क्लिपांमुळे पुढे आलेला ओठ कपाच्या आत टेकतो आणि आवाज बंदच पडतो.

दातांच्या मागून लावायच्या ब्रेसेसमधे ओठ मोकळा राहतो पण जीभ घासते आणि टंगिंग, म्हणजे जीभ मारून सूर सुरू करणं, अडखळतं. काढता येणारे पारदर्शक अलाइनर वाजवण्यापुरते काढून ठेवता येतात, फक्त ते दिवसाला २०-२२ तास घालायचे असल्यामुळे तीन तासांची तालीम असेल तर हिशोब बिघडतो.

क्लिपा निघाल्या की सगळं लगेच सुधारतं असा समज आहे, पण बहुतेकांचं आधी बिघडतं, कारण ओठ आता वेगळ्या जागी बसतो आणि दात एकदम गुळगुळीत लागतात. दातांची रचना बदलली की ओठांना नव्याने शिकावं लागतं, याचं टोकाचं उदाहरण म्हणजे जॅझ ट्रम्पेटर चेट बेकर, १९६६ मधे मारहाण झाल्यावर पुढे त्यांचे दात गेले आणि कवळी लावून त्यांना वाजवणं जवळजवळ पहिल्यापासून बसवावं लागलं. क्लिपांनंतरचं प्रकरण एवढं गंभीर नसतं, लांब सूर आणि स्लर करत राहिलं की साधारण काही आठवड्यांत बस्तान बसतं. नंतर दात परत सरकू नयेत म्हणून रिटेनर येतो, काढता येणारा असेल तर वाजवताना काढून डबीत ठेवायचा, आणि दातांच्या मागे चिकटवलेल्या तारेचा असेल तर तो ओठांच्या वाटेत येत नाही.