सरींनंतरचं ऊन: नागपूरच्या मे महिन्याची पार्श्वभूमी

मे निम्मा सरला की नागपूरच्या हवामान अंदाजात एक जोडी अनेकदा दिसते. आधी दोन-तीन दिवस मेघगर्जना, सोसाट्याचा वारा, हलक्या सरी. मग निरभ्र आकाश आणि चढता पारा. बाहेरगावचा माणूस यातला पहिला भाग वाचून सुखावतो, नागपूरकराची नजर मात्र दुसऱ्या भागावर जाते. सर पडली तरी उन्हाळा संपलेला नसतो, हे त्याला घरच्या कूलरनेच शिकवलेलं असतं. कूलरचं सगळं काम पाण्याची वाफ होण्यावर चालतं. हवा कोरडी असेल तर ४४ अंशांच्या दुपारीही खोली गार होते, पण सरींनंतरच्या दमट हवेत ३७ अंशांनाही तो नुसता वारा फेकत राहतो. आमच्या लहानपणी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या असत आणि दर तासाला त्यांच्यावर पाणी मारायचं काम आम्हा मुलांकडे असे. पाऊस पडून गेला की त्या ताट्यांचाही काही उपयोग होत नसे.

समुद्रापासून इतक्या आत असलेल्या शहरावर मान्सूनपूर्वी हा पाऊस येतो कुठून? एप्रिल-मेमध्ये जमीन तापली की मध्य भारतातून दक्षिणेकडे कमी दाबाची एक लांबट पट्टी तयार होते. ती कधी विदर्भावरून जाते, कधी मराठवाड्यावरून कर्नाटकाकडे उतरते. तिच्या एका अंगाला बंगालच्या उपसागरावरून बाष्प घेऊन येणारे वारे असतात, दुसऱ्या अंगाला वायव्येकडून येणारे कोरडे, तापलेले वारे. दोन्ही जिथे भेटतात तिथे दुपारनंतर ढग उंच चढत जातात आणि संध्याकाळी कडकडाट होतो. वरच्या थरात हवा पुरेशी थंड असली तर गाराही पडतात. ही पट्टी थोडी जरी सरकली, तरी विदर्भ कोरड्या वाऱ्यांच्या बाजूला येतो. आधी ओली माती उन्हाची बरीच ऊर्जा पाणी वाळवण्यात घेते. दोन-चार दिवसांत ती सुकली की तीच ऊर्जा सरळ जमीन आणि हवा तापवू लागते. सरींमागून ऊन येतं ते असं. या पावसाला आपण ‘अवकाळी’ म्हणतो ते शेताकडे बघून. आकाशाच्या हिशेबात मेमधल्या गडगडाटी सरी या मोसमाचाच भाग आहेत.

पंचांगात या दिवसांचं गणित फार आधीपासून मांडलेलं आहे. सूर्य साधारण २५ मेला रोहिणी नक्षत्रात जातो आणि तिथून पुढचे कडक उन्हाचे नऊ दिवस म्हणजे नवतपा. नंतर ७ किंवा ८ जूनला मृग लागतं. नवतप्याची कल्पना उत्तर आणि मध्य भारतात सगळीकडे आहे, पण नागपूरपुरता एक योग जुळून आलेला आहे आणि तो मला फार मोलाचा वाटतो. शहर २१ अंश उत्तर अक्षांशाच्या किंचित वर असल्याने २६ मेच्या सुमारास मध्यान्हीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो. उभ्या काठीची सावली तिच्या पायाशीच नाहीशी होते. नवतपा सुरू होतो आणि शून्य सावलीचा दिवस येतो, तो जवळपास एकाच वेळी. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा संथ डोलतो, त्या परांचन गतीमुळे नक्षत्रांच्या तारखा सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे सरकतात, त्यामुळे ही जुळणी कायमची नाही. आपल्या काळात ती आहे.

पावसाचा अंदाज आधी कळावा ही ओढही इथे जुनी आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला घटमांडणी, म्हणजे शेतात घट आणि धान्य मांडण्याचा विधी, होते आणि दुसऱ्या दिवशी पाऊस-पिकाचं भाकीत सांगितलं जातं. तिची परंपरा साडेतीनशे वर्षांची असल्याचं सांगतात. हवामानशास्त्र ते भाकीत मानत नाही. तरीही ते ऐकायला जमणारा शेतकरी पेरणीचा धोका डोक्यावर घेऊन आलेला असतो, हे विसरून चालणार नाही.

इंग्रजांच्या काळात मध्य प्रांताचं सरकार उन्हाळ्यात नागपूर सोडून पचमढीच्या थंड हवेत जात असे. भारतीय हवामान विभाग १८७५ मध्ये स्थापन झाला. पुढे नागपूरला प्रादेशिक केंद्र आलं, त्यात शहराच्या मध्यवर्ती जागेचा मोठा वाटा आहे. १९४९ मध्ये रात्रीची टपाल विमानसेवा सुरू झाली, तेव्हा दिल्ली, मुंबई, कोलकाता आणि मद्रासची विमानं मध्यरात्री इथे एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल करून परत जात. रात्री उडणाऱ्या वैमानिकाला वाटेतल्या गडगडाटी ढगांची खबर हवीच असते. शहरातल्या सोनेगावचं हवामान केंद्र आणि विमानतळ यांचं नातं असं आहे.

नागपूरच्या नोंदीतलं सर्वांत ठळक तापमान ४७.९ अंश, २३ मे २०१३ चं. म्हणजे त्या वर्षी पाऱ्याने नवतप्याची वाट पाहिली नाही. मे २०२४ च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित यंत्राने ५६ अंश दाखवले आणि तो आकडा देशभर फिरला. सेन्सर बिघडल्याचा खुलासा हवामान विभागाने केला, पण तोपर्यंत आकडा फार पुढे गेला होता.

आकड्यांपेक्षा उष्णतेच्या लाटेच्या व्याख्येकडे जास्त लक्ष द्यायला हवं असं मला वाटतं. मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी जास्त, किंवा थेट ४५ अंश झालं, तर उष्णतेची लाट मानतात. नागपूरची मेमधली कमाल तापमानाची सरासरीच ४२-४३ च्या आसपास आहे. आता असं समजा की सरींमुळे पारा ३६ वर उतरला आणि चार दिवसांत ४३ वर गेला. सात अंशांची उडी! पण व्याख्येनुसार ही लाट नाही, सर्वसाधारण दिवस आहे. शहरातल्या वाठोड्याच्या बांधकामावर विटा वाहणाऱ्या बाईला तो सर्वसाधारण वाटत नाही. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि गार दिवसांत कामाच्या वेळा पुन्हा सैल झालेल्या असतात. नागपूरने २०१६ मध्ये उष्माघात कृती आराखडा हाती घेतला, देशात तसं करणाऱ्या सुरुवातीच्या शहरांपैकी हे एक. पाणपोया, दवाखान्यांत थंड खोल्या, दुपारच्या कामावर मर्यादा हे त्याचे विषय आहेत. लाटेच्या इशाऱ्याबरोबर सरींनंतरच्या चढत्या पाऱ्याचाही इशारा त्यात जोडला जावा, हे माझं आग्रहाचं म्हणणं आहे.

२०२५ चा उन्हाळा याचं ताजं उदाहरण. मेमध्ये राज्यभर पाऊस झाला, मान्सून २४ मेला केरळात आणि २६ मेला मुंबईत पोचला. नवतपा ढगांखाली गेला. उन्हाळा संपला असंच सगळ्यांना वाटलं. मग मान्सूनची वाटचाल थांबली, जूनच्या मध्यापर्यंत थांबलेलीच राहिली आणि विदर्भात ऊन परतलं. तेही मृग लागल्यावर.

शहराला नकोसं वाटणारं हे ऊन काटोल, नरखेड, वरूडच्या संत्रा बागायतदाराला मात्र हवं असतं. मृग बहार, म्हणजे मृगाच्या पाण्यावर येणारी फुलं-फळं, धरायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडून त्याला ताण द्यावा लागतो. पानं मलूल होतात, काही गळतात, झाड वाढ थांबवून साठा राखतं. मग मृगाचं पाणी मिळालं की फुटव्यासोबत फुलं येतात आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये फळ बाजारात जातं. मेमधली मोठी सर या ताणावर पडली की तो तुटतो, झाड पालवीवर जातं आणि फुलं कमी धरतात. हिवाळ्याच्या अखेरीस फुलणाऱ्या आंबिया बहाराच्या झाडांवर त्या वेळी लहान फळं असतात, त्यांना वारा आणि गारा झोडपतात. म्हणून अंदाजात सरींचे दिवस दिसले की तिथला शेतकरी त्यांच्या पुढचा रकाना पाहतो. जमीन सुकायला आणि ताण पुन्हा बसायला मृगाआधी कोरड्या उन्हाचे आठ-दहा दिवस शिल्लक राहतात का, हे तो मोजत असतो.