मुकुटाखालचा ‘एन’: नेपल्सचा की नेपोलियनचा?

झाक-लुई दाविदचं आल्प्स ओलांडणाऱ्या नेपोलियनचं चित्र बहुतेकांच्या नजरेखालून गेलेलं असतं: मागच्या पायांवर उभा राहिलेला घोडा, वाऱ्यावर उडणारा डगला, वर उचललेला उजवा हात. या चित्रावरून पोर्सेलीनचे, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीचे, पुतळे खूप निघाले. त्यातला एखादा उलटा केला की बुडाशी निळा मुकुट आणि त्याखाली ‘एन’ हे रोमन अक्षर सापडतं. विकणारा छातीठोकपणे सांगतो, ‘अठराव्या शतकातलं अस्सल कापोदिमॉन्ते.’ घेणाऱ्याला वाटतं, एन म्हणजे अर्थातच नेपोलियन. दोघंही चुकतात.

तारखा लावून पाहिलं की गोष्ट उलगडते. कापोदिमॉन्ते हा पोर्सेलीनचा कारखाना. तो इटलीतल्या नेपल्सचा राजा चार्ल्स याने १७४३ मध्ये काढला. त्याची राणी जर्मनीतल्या सॅक्सनीची, मायसेनचा पोर्सेलीन कारखाना काढणाऱ्या ऑगस्टसची नात. पोर्सेलीनचं वेड माहेराहूनच आलेलं. १७५९ मध्ये चार्ल्स स्पेनच्या गादीवर गेला आणि जाताना कारागीर, साचे असं सगळं माद्रिदला घेऊन गेला. नेपोलियन जन्मला १७६९ मध्ये! म्हणजे अस्सल कापोदिमॉन्तेचा नेपोलियन असूच शकत नाही. शिवाय त्या कारखान्याचा शिक्का एन नव्हताच, लिलीचं फूल होतं.

मुकुटाचा एन आला तो चार्ल्सचा मुलगा फर्डिनंड याने नेपल्समध्ये १७७१ च्या सुमारास सुरू केलेल्या कारखान्यातून. एन म्हणजे नेपल्स. १८०६ मध्ये फ्रेंच फौजा शहरात शिरल्या आणि राजाला सिसिलीत पळावं लागलं. दाविदचं पहिलं चित्र १८०१ चं, त्यामुळे मध्ये जेमतेम पाच वर्षं उरतात. पण फर्डिनंडची राणी मारिया कॅरोलिना ही फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिची सख्खी बहीण. बहिणीला गिलोटिनवर चढवणाऱ्या क्रांतीच्या सेनापतीचा पुतळा ती स्वतःच्या कारखान्यात घडवून घेईल, हे पटत नाही.

मग हे एन आले कुठून? फर्डिनंडच्या कारखान्याचे काही साचे पुढे फ्लॉरेन्सजवळच्या दोचियाच्या जिनोरी कारखान्याकडे गेले आणि त्यांच्या मालावर हा शिक्का दिसू लागला. नंतर तो कुणीही उठावं आणि उमटवावं असा झाला. जर्मनीतल्या थुरिंगियाचे कारखानेही त्यात होते. त्यांपैकी शाइबे-आल्सबाखचा कारखाना तर नेपोलियन आणि त्याच्या सरदारांच्या पुतळ्यांसाठीच प्रसिद्ध. फ्रान्सच्या सेव्ह्र कारखान्याच्या मालावरही तिसऱ्या नेपोलियनच्या (बोनापार्टच्या पुतण्याच्या) काळात मुकुट-एन आहे आणि तो खरोखरच नेपोलियनचा, पण सोबत सालाचे आकडे असतात.

शिक्का बाजूला ठेवून मातीच पाहावी. कापोदिमॉन्तेचं पोर्सेलीन मऊ जातीचं: काचेसारखं मिश्रण, कमी आच, किंचित दुधाळ ऊबदार छटा. बुडाशी झिलई नसते तिथे ते रवाळ दिसतं आणि मळ धरतं. थुरिंगियाचं कठीण जातीचं: केओलिन (पांढरी माती) आणि फेल्डस्पार (एक खनिज), चौदाशे अंश सेल्सिअसच्या आसपासची भट्टी. रंग थंड पांढरा, आणि टवका उडालेला असेल तर कड काचेसारखी गुळगुळीत.

घोड्याच्या पोटाखाली काय आहे तेही बघा. चित्रात तो दोन पायांवर तोलतो, कारण कॅनव्हासला वजन नसतं. पोर्सेलीन मात्र भट्टीत नरम पडतं आणि आकसतं. म्हणून पोटाखाली खडक किंवा झाडाचं खोड घालून सगळा भार त्यावर घेतात. दाविदच्या खडकावर बोनापार्ट आणि त्याच्याआधी आल्प्स ओलांडलेले हॅनिबल आणि शार्लमेन यांची नावं कोरलेली आहेत. मूर्तिकाराने ती ठेवली की गाळली, यावरून मूळ चित्र त्याने किती बारकाईने पाहिलं होतं ते कळतं. रंगांवरून मात्र फार अनुमान काढू नये. दाविदनेच हे चित्र पाचदा केलं. पॅरिसजवळच्या माल्मेझोंच्या प्रतीत डगला पिवळट नारिंगी, बर्लिनच्या प्रतीत लाल आणि घोडा तांबूस. (प्रत्यक्षात मे १८०० मध्ये नेपोलियनने ग्रेट सेंट बर्नार्ड खिंड खेचरावरून ओलांडली.)

पुढे आलेलं बोट आणि डगल्याची टोकं आधी तुटतात, तेव्हा तिथे अतिनील दिवा धरावा. नव्या रंगाची डागडुजी बहुधा वेगळी चमकते. चांगला घडवलेला थुरिंगियाचा नेपोलियन माझ्या मते घेण्यासारखा असतो, फक्त नेपल्सच्या भावाने नाही. आणि बुडाशी घासून खरखरीत केलेली जागा दिसली तर सावध व्हा. अमेरिकेच्या १८९१ पासूनच्या नियमामुळे तिकडे जाणाऱ्या मालावर देशाचं नाव घालावं लागे, आणि अठराव्या शतकाची बतावणी करणाऱ्याला ‘जर्मनी’ हा शब्द नको असतो.