बग्गीतून न उतरता उघडायचे फाटक

कप्पी किंवा तरफ वापरली की काम कमी होते, अशी समजूत शिकल्यासवरलेल्या माणसांतही पक्की बसलेली असते, आणि ‘विजेशिवाय, इंधनाशिवाय आयुष्यभर चालणारे यंत्र’ दाखवणाऱ्या ज्या चित्रफिती सध्या मोबाइलवर फिरत असतात त्या याच समजुतीवर पोसलेल्या आहेत. तरफेने वाचते ते बळ. कार्य वाचत नाही. बळ जितक्या पटीने कमी लागते तितक्या पटीने अंतर जास्त कापावे लागते आणि दोहोंचा गुणाकार होता तेवढाच राहतो. हा नियम आठवी-नववीत सर्वांनी पाठ केलेला असतो, पण एखाद्या साध्या वस्तूची रचना करताना तो किती छळतो हे पाहायचे असेल, तर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील शेतकऱ्यांनी आणि गावच्या सुतार-लोहारांनी ज्याच्यावर डोके लढवले त्या शेताच्या सरकत्या फाटकाकडे पाहावे.

कॅन्सस, नेब्रास्का, डाकोटा या सपाट मुलखात, वस्ती करून कसणाऱ्याला सरकारी जमीन देणाऱ्या १८६२च्या होमस्टेड कायद्यानंतर १६० एकरांच्या शेतांची वस्ती वेगाने पसरली. १८७४मध्ये इलिनॉयमधील जोसेफ ग्लिडन याला काटेरी तारेचे पेटंट मिळाले आणि कुंपण स्वस्त झाले. कुंपण आले तिथे फाटक आले, आणि फाटक आले तिथे बग्गी हाकणाऱ्याची अडचण आली. घोडा थांबवायचा, लगाम कुठेतरी अडकवायचा, चिखलात उतरायचे, फाटक उघडायचे, वर चढून गाडी पलीकडे न्यायची, पुन्हा उतरून फाटक लावायचे आणि एवढ्या वेळात घोडा बुजून गाडीसकट निघून जाणार नाही अशी आशा करायची. त्यामुळे जागेवर बसून उघडता-मिटता येईल अशा फाटकांची पेटंटे त्या देशात शेकड्यांनी निघाली. काहींत गाडीचे चाक रस्त्यातल्या कळीवर चढून फाटक उघडत असे, तर काहींत हाकणारा खांबावरून लोंबणारी मूठ ओढत असे. इथे विचार करायचा आहे तो मूठ ओढून सरकवायच्या फाटकाचा.

बिजागरीवर फिरणारे फाटक या कामाला गैरसोयीचे असते. त्याचा पल्ला साडेतीन मीटर त्रिज्येचे वर्तुळ झाडत येतो आणि नेमका घोड्याच्या तोंडाशी पोचतो. शिवाय बर्फ साचले की पल्ला जागचा हलत नाही. सरकणारा पल्ला कुंपणाला समांतर जातो, त्यामुळे घोड्याला तो अंगावर आल्यासारखा वाटत नाही आणि गाडी जवळ उभी राहू शकते. हाकणाऱ्यापासून घोड्याचे तोंड तीन-चार मीटर पुढे असते, म्हणून मूठ फाटकापासून साधारण पाच मीटरवर आणि जमिनीपासून दोन मीटर उंच लोंबती ठेवली की बसल्या जागी हाताला येते. पलीकडच्या बाजूलाही पाच मीटरवरच मूठ ठेवली, तर तिच्यापाशी पोचेपर्यंत बग्गीचा मागचा भाग फाटकातून पुरता बाहेर पडलेला असतो. दोन्ही बाजूंना दोन-दोन मुठी लागतात, एक उघडण्याची आणि एक लावण्याची.

आता हिशेब मांडू. बसलेल्या माणसाचा हात एका ओढीत फार तर ६० सेंटिमीटर मागे येतो. फाटकाला मात्र साडेतीन मीटर जायचे आहे. लाकडी पल्ल्याचे वस्तुमान ६० किलो धरले तर त्याचे वजन सुमारे ५९० न्यूटन भरते. लाकडावर लाकूड घासत सरकवले तर वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त, म्हणजे दोनशे न्यूटनच्या आसपास घर्षण होते आणि पूर्ण अंतरासाठी ७०० ज्यूलहून अधिक ऊर्जा लागते, जी एका हाताच्या एका ओढीतून मिळणे शक्य नाही. तोच पल्ला लोखंडी चाकांवरून रुळावर टांगला तर विरोध वजनाच्या शंभरात दोन भागांवर येतो. १२ न्यूटन गुणिले साडेतीन मीटर, म्हणजे ४१-४२ ज्यूल. ६० सेंटिमीटरच्या ओढीत एवढी ऊर्जा देण्यासाठी सरासरी ७० न्यूटन, म्हणजे सात किलोचे ओझे पेलण्याइतके बळ पुरते. त्यामुळे कागदावर प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. हाताची ओढ सहापट लांब करणाऱ्या कप्प्या लावल्या की झाले!

फसगत होते ती इथेच. कप्प्यांची मांडणी उलटी करून अंतर सहापट केले की बळ सहापट लागते, हे शाळेत शिकवतात. जडत्व मात्र सहाच्या वर्गाने, म्हणजे छत्तीसपटीने वाढते, हे सहसा कोणी सांगत नाही. कारण असे, की हाताला जो वेग द्यायचा त्याच्या सहापट वेग पल्ल्याला द्यावा लागतो, आणि त्या प्रवेगासाठी पल्ल्याला जे बळ लागते तेही हातापर्यंत सहापट होऊनच पोचते. सहा गुणिले सहा. म्हणजे मुठीला ६० किलोचा पल्ला जोडलेला असताना हाताला तो दोन टनांहून जड वाटतो. दोन सेकंदांत ती ओढ पुरी करायची तर केवळ पल्ल्याला वेग देण्यासाठी सहाशे न्यूटनच्या वर बळ लागेल. एवढे करून पल्ला दुसऱ्या टोकाला धाडकन आदळणार, तो वेगळाच. थोडक्यात, ऊर्जा पुरेशी आहे, पण ती एवढ्या घाईत पल्ल्यात भरता येत नाही.

यावर काही कारागिरांनी काढलेला मार्ग मला आजही त्या काळच्या सर्व फाटकांत सरस वाटतो. त्यांनी पल्ला ओढायचा नादच सोडला आणि रूळ कलता केला. सात मीटर लांबीची तुळई बरोबर मध्यावर, फाटकाच्या खांबाशी, आसावर टेकवायची. तिचा अर्धा भाग रस्त्यावर आणि अर्धा कुंपणावर. फाटक बंद असते तेव्हा पल्ला रस्त्याकडच्या अर्ध्या भागाखाली टांगलेला असतो आणि तुळई त्याच बाजूला किंचित खाली झुकलेली असते. मूठ ओढली की तुळईचे ते टोक वर जाते, उतार उलट होतो आणि पल्ला स्वतःच्या वजनाने कुंपणाकडे घरंगळत निघतो. तुळई कितीही जड असली तरी आसावर तोललेली असल्यामुळे तिला उचलण्याचा भार हातावर पडत नाही. हात उचलतो तो फक्त पल्ल्याचा गुरुत्वमध्य, आणि तोही थोडासा.

उतार ३०ला १ ठेवला तर पल्ल्याचा गुरुत्वमध्य आसापासून पावणेदोन मीटरवर असल्याने एका उताराकडून दुसऱ्या उताराकडे जाताना तो १२ सेंटिमीटरांहून थोडा कमी उचलला जातो. त्यासाठी ६९ ज्यूल लागतात, म्हणजे ६० सेंटिमीटरच्या ओढीत ११५ न्यूटन. हे बळ धडधाकट माणसाच्या एका हातात असते. ही ६९ ज्यूल स्थितिज ऊर्जा पल्ला साडेतीन मीटरच्या प्रवासात परत मिळवतो. त्यातली ४१ घर्षणात जाते आणि २८ गतीच्या रूपाने उरते. प्रवासाला सात-साडेसात सेकंद लागतात आणि शेवटचा वेग सेकंदाला एक मीटरहून कमी असतो. उतार २०ला १ केला तर वेळ पाच सेकंदांवर येतो, पण हाताला १७० न्यूटनच्या वर बळ लावावे लागते आणि टोकाला पोचणारी गतिज ऊर्जा दुपटीहून वाढते. उलट ५०ला १ केला तर घर्षण आणि उतार समसमान होऊन पल्ला जागचा हलत नाही. चाकांना गंज चढला, खोबणीत धूळ आणि गवताच्या काड्या अडकल्या की विरोध सहज दुप्पट होतो आणि मग ३०ला १ उतारही अपुरा पडतो, म्हणून हे सौम्य चालीचे फाटक वंगणाच्या बाबतीत फार हट्टी असते.

हात आपले काम सेकंदभरात करून मोकळा होतो आणि पल्ला ती ऊर्जा आपल्या चालीने खर्च करतो, असे व्हायला हवे. पण एक गोम आहे. पल्ला आस ओलांडेपर्यंत, म्हणजे पहिली पाच सेकंदे, त्याचे वजन तुळईला पुन्हा जुन्या बाजूला खाली दाबत असते. हाकणाऱ्याने तेवढा वेळ मूठ धरून ठेवली नाही तर तुळई परत पडते आणि पल्ला आल्या वाटेने माघारी येतो. यासाठी तुळईच्या प्रत्येक टोकाखाली गुडघ्यासारखा सांधा असलेले दोन लोखंडी दांडे ठेवावे लागतात. मूठ ओढल्यावर वाकलेला सांधा सरळ होतो आणि सरळ रेषेच्या किंचित पलीकडे जाऊन एका खुंटीवर टेकतो. आता वरून येणारा भार सांध्याला मोडण्याऐवजी त्याच खुंटीवर अधिक दाबून धरतो, त्यामुळे मूठ सोडली तरी चालते. शिवाय असा सांधा सरळ होत आला की थोड्या ओढीने मोठा भार उचलतो, हा त्याचा आणखी एक गुण. पल्ला आसापलीकडे गेला की त्याचेच वजन तुळईला नव्या बाजूला दाबून ठेवते आणि सांध्यावरचा भार उतरतो. दुसऱ्या टोकाची मूठ ओढताना तारेच्या सांगडीने पहिला सांधा अलगद मोडतो. फाटक उघडे असो वा बंद, त्या स्थितीत त्याला धरून ठेवणारे वजन फाटकाचेच असते.

अशा रचनेला ‘आपोआप’ हे विशेषण लावले की लोकांचे डोळे विस्फारतात आणि हे फार जुने आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळाची दारे उघडण्याची एक युक्ती लिहून ठेवली आहे. वेदीवर अग्नी पेटवला की खालच्या बंद पात्रातली हवा तापून फुगते, पाणी नळीवाटे टांगलेल्या बादलीत ढकलते, बादली जड होऊन खाली येते आणि दोरांनी दारांचे आस फिरवते. अग्नी विझला की पाणी परत ओढले जाते आणि दुसऱ्या बाजूचे वजन दारे लावते. भाविकांना दिसे ते एवढेच, की होम पेटला आणि देवाने दार उघडले. आजचा ‘इंधनाशिवाय चालणारे जनित्र’ विकणाराही बादली झाकूनच ठेवतो.

रूळ रस्त्यावरून जाणार म्हणजे तो डोक्यावरून न्यावा लागतो आणि गवताने भरलेला गाडा खालून जायचा म्हणून खांब चार-साडेचार मीटर उंच लागतात. तुळई कलते तेव्हा टांगलेला पल्लाही तेवढाच कलतो, एका टोकाला दुसऱ्यापेक्षा १२ सेंटिमीटर खाली. त्यामुळे खाली मोकळी फट ठेवावी लागते आणि तिच्यातून डुकराची पिले बाहेर पडतात. तागाचा दोर भिजला की आखडतो आणि मूठ कोणी न ओढताही सांध्यावर ताण आणतो, म्हणून लोखंडी तार बरी. टोकाचा धक्का सौम्य करण्यासाठी रुळाचा शेवट किंचित वर वाकवायचा. पुढचे चाक ५ सेंटिमीटर चढले की गुरुत्वमध्य त्याच्या निम्मा चढतो आणि उरलेल्या २८ ज्यूलपैकी निम्मी ऊर्जा तिथे खर्च होते. बाकीची पेंढा भरलेल्या गोणपाटावर सोडून द्यावी. वाऱ्यावर मात्र नीट इलाज नाही. ताशी ५४ किलोमीटरच्या वाऱ्यात दोन चौरस मीटर फळ्यांवर पावणेतीनशे न्यूटनचे बळ येते, पल्ला मार्गदर्शक खुंट्यांना घासतो आणि ते घर्षण उताराच्या वीसेक न्यूटन ओढीच्या चौपटीहून जास्त होते. त्या दिवशी खाली उतरावेच लागते.

विक्रेत्यांच्या हातातल्या नमुन्यात यातले काहीच दिसत नसे. अमेरिकेच्या पेटंट कार्यालयाला १८८०पर्यंत अर्जासोबत लहान नमुना लागे आणि त्याची कोणतीही बाजू बारा इंचांहून मोठी चालत नसे. बारा फुटी फाटकाचा बारा इंची नमुना केला की लांबी बाराव्या हिश्श्यावर येते, लाकडाचे छेदक्षेत्र १४४व्या हिश्श्यावर आणि वजन १७२८व्या हिश्श्यावर. नमुन्याच्या लाकडावर पडणारा ताण खऱ्या फाटकाच्या बाराव्या हिश्श्याएवढाच असल्यामुळे टेबलावर तो डौलात सरकतो आणि शेतावर तुळई वाकते. गावोगाव फिरून पेटंटाचे हक्क विकणारे आणि नंतर रॉयल्टीच्या नोटिसा पाठवणारे इतके झाले की १८६७मध्ये स्थापन झालेली ग्रेंज ही शेतकऱ्यांची संघटना सरकत्या फाटकाच्या आणि जमिनीत ठोकून बसवलेल्या नळविहिरीच्या रॉयल्टीविरुद्ध उभी राहिली.

या सगळ्या खटपटीला एक सोपा पर्याय रेल्वेच्या कडेला होताच. खड्ड्यावर अंतर ठेवून आडवे दांडे टाकले की गुरे पाय टाकत नाहीत आणि दाराची गरज राहत नाही. पण घोड्याचा खूरही त्याच फटीत अडकतो, त्यामुळे बग्गीला तो रस्ता बंद होता. १९०८मध्ये फोर्डची मॉडेल टी आली, शेतावर मोटारी वाढल्या, आणि रबरी चाकांना दांड्यांवरून जायला काहीच अडचण नसल्यामुळे मोटारीच्या वाटेवर फाटकाऐवजी दांड्यांचा खड्डा पुरू लागला.